गाऱ्हाणे आणि भरवसा

रविवारच्या उपासनेत किंवा घरगुती प्रार्थनासभेत एखादा माणूस साक्ष द्यायला उठतो. डॉक्टरांनी हात टेकले होते, मंडळीने प्रार्थना केली, गाठ विरघळली, देव चांगला आहे, असे तो सांगतो आणि ऐकणारे ‘आमेन’ म्हणतात. या साक्षीत खोटे काही असेलच असे नाही. पण ती चाळणीतून गाळून आलेली असते, कारण साक्ष द्यायला बरा झालेलाच उभा राहतो. जो वारला तो उभा राहत नाही. ज्याचे डायलिसिस आठवड्यातून तीनदा चालूच आहे तो, किंवा जिचा कर्करोग दोन वर्षांनी हाडांत उतरला ती, मागच्या बाकावर बसून त्या ‘आमेन’मध्ये आपला आवाज मिसळते आणि घरी जाते. देवाच्या चांगुलपणाबद्दल त्यांनाही काही म्हणायचे असते, पण ते म्हणण्याची जागा उपासनेच्या क्रमात सापडत नाही. प्रस्तुत संग्रह त्या मागच्या बाकासाठी केला आहे. यातले बहुतेक लेखक आजारी होते, किंवा आजाऱ्याच्या उशाशी बसलेले होते. आणि त्यांतले बरेच बरे झाले नाहीत.

गंभीर आजारात देवाच्या चांगुलपणावर भरवसा ठेवणे म्हणजे नेमके काय, या प्रश्नावर ख्रिस्ती परंपरेत दोन प्रकारचे बोलणे आढळते. एक आजाराचे कारण सांगते : शिक्षा, शिस्त, परीक्षा, किंवा एखादी मोठी योजना. दुसरे कारण सांगत नाही. ते देवालाच विचारते, त्याच्याशी भांडते, रडते आणि तरी त्याच्यासमोरून उठत नाही. आपल्याकडे पहिल्याला विश्वास म्हणतात आणि दुसऱ्याला विश्वासातली कमतरता. माझे म्हणणे उलट आहे. पवित्र शास्त्राचा आणि परंपरेचा पुरावा नीट पाहिला, तर गाऱ्हाणे हेच भरवशाचे सर्वांत जुने आणि सर्वांत टिकलेले रूप आहे असे दिसते. गाऱ्हाणे माणूस कोणाकडे नेतो? जो ऐकेल, ज्याच्या हातात काही आहे आणि ज्याच्याकडून न्यायाची अपेक्षा आहे, त्याच्याकडेच. दगडापुढे कोणी गाऱ्हाणे घालत नाही.

ईयोबाचे पुस्तक या विषयाचे मूळ आहे, म्हणून तिथे थोडे थांबावे लागते. ‘ईयोबाचा धीर’ हा शब्दप्रयोग याकोबाच्या पत्रामुळे रूढ झाला आणि त्याने मूळ पुस्तकावर जणू पांघरूणच घातले. बेचाळीस अध्यायांपैकी पहिल्या दोनांतला ईयोब खरोखर शांत आहे. तिसऱ्यापासून तो आपल्या जन्मदिवसाला शाप देऊ लागतो आणि पुढे कितीतरी अध्याय देवाला न्यायालयात खेचण्याची भाषा करतो. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे त्याचे मित्र दुष्ट नाहीत. ते लांबून आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले. तेवढेच करून ते परत गेले असते, तर आजाऱ्याला भेटायला जाणाऱ्यांचा आदर्श ठरले असते. ते बोलू लागले आणि बिघडले. त्यांचे म्हणणे शास्त्रशुद्ध होते : देव न्यायी आहे, तो विनाकारण दुःख देत नाही, तेव्हा तू काहीतरी केले असशील. तत्कालीन धर्मज्ञानाच्या कसोटीवर त्यांना पूर्ण गुण मिळाले असते. पण शेवटच्या अध्यायात देव अलीफजला सांगतो की तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत, ईयोब बोलला. आणि त्या मित्रांची सुटका ईयोबाच्या प्रार्थनेवर सोपवतो. देवाची बाजू मांडणारे चुकीचे ठरले आणि देवाला जाब विचारणारा बरोबर ठरला. हा निकाल इतका अडचणीचा आहे की वाचकांच्या पिढ्यांनी तो शक्यतो पुटपुटतच वाचला. आणखी एक गोष्ट सहज नजरेआड होते. अडतिसाव्या अध्यायापासून देव वावटळीतून बोलतो, तारे, हिमकण, रानगाढव, मगरीसारखा प्राणी यांविषयी सविस्तर बोलतो, पण ईयोबाच्या अंगावरच्या फोडांचे कारण एका शब्दाने सांगत नाही. ईयोबाला कारण मिळत नाही, बोलणारा मिळतो.

स्तोत्रसंहितेतही हाच सूर आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन अभ्यासक हेरमान गुंकेल याने दीडशे स्तोत्रांची त्यांच्या घाटानुसार वर्गवारी केली, तेव्हा सर्वांत मोठा गट विलापाचा निघाला. त्यातली बहुतेक स्तोत्रे शेवटी स्तुतीकडे वळतात. अठ्ठ्याऐंशीवे मात्र वळत नाही. ते अंधारातच संपते, आणि तरीही संकलन करणाऱ्यांनी ते काढून टाकले नाही. वॉल्टर ब्रुगेमान या अमेरिकन अभ्यासकाने १९८६ मध्ये लिहिले की मंडळीने विलाप गमावला, तर देवाशी असलेल्या नात्यात माणसाची बाजूच उरत नाही; उरते ती हुजरेगिरी. (शब्द माझा आहे, आशय त्याचा.) नव्या करारात येशू गेथशेमानेत प्याला टळावा म्हणून विनवतो आणि वधस्तंभावर बाविसाव्या स्तोत्राचे पहिले शब्द ओरडतो, म्हणजे विलापाचेच. पौल आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा प्रार्थना करतो आणि काटा तसाच राहतो. त्रफिमाला तो मिलेतात आजारी सोडून पुढे जातो. तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. ज्या प्रेषिताच्या हातून आजारी बरे झाल्याचे प्रेषितांची कृत्ये सांगतात, त्याच्याच सहकाऱ्यांच्या दुखण्यांची ही नोंद आहे. पुरेशा विश्वासाने आजार जातोच असे म्हणणाऱ्यांनी ती वाचलेली नसते, किंवा वाचून बाजूला ठेवलेली असते.

तिसऱ्या शतकात रोमन साम्राज्यात भयंकर साथ आली. कार्थेजचा बिशप सिप्रियन याने इ.स. २५२ च्या सुमारास त्या साथीवर एक पुस्तिका लिहिली. त्याच्या मंडळीतल्या काहींना एका गोष्टीचा धक्का बसला होता : ख्रिस्ती माणसे मूर्तिपूजकांसारखीच मरत होती. विश्वासाचा काही फायदा दिसायला नको का, हा प्रश्न अठराशे वर्षांपूर्वी इतक्या स्पष्टपणे विचारला गेला होता, हे नव्या वाचकाला माहीत असावे. सिप्रियनचे उत्तर थोडक्यात असे की देह सर्वांना सारखाच मिळाला आहे; साथ परीक्षा घेते ती निरोगी माणसे रोग्यांची सेवा करतात का याची. त्याच्या चरित्रकाराने नोंदवले आहे की शुश्रूषा आपल्याच लोकांपुरती ठेवू नका, असे त्याने मंडळीला सांगितले. सुमारे शंभर वर्षांनी कॅपाडोशियातल्या सीझरियात बसिल या बिशपने, जो स्वतः कायम आजारी असे, गावाबाहेर गरीब, रोगी आणि कुष्ठरोगी यांच्यासाठी मोठी वसाहत उभारली. औषध ही देवाची देणगी आहे, ते नाकारणे शहाणपणाचे नाही, असे त्याने मठवासीयांसाठीच्या नियमांत लिहिले. मिरजेत १८९४ मध्ये विल्यम वॉनलेस यांनी सुरू केलेले मिशन रुग्णालय आणि १९७० मध्ये आरोळे दांपत्याने जामखेडला उभा केलेला ग्रामीण आरोग्य प्रकल्प यांची वंशावळ इथपर्यंत मागे जाते.

कारणे सांगणाऱ्या पंथांचा आढावा मी भराभर घेतो. त्यांचा अभ्यास करणाऱ्यांना ग्रंथांची उणीव नाही. ऑगस्टिनच्या मते वाईटाला स्वतःचे अस्तित्व नाही. ते चांगल्याचा अभाव आहे, आणि माणसाच्या पतनाने ते सृष्टीत शिरले. दुसऱ्या शतकातल्या इरिनियसचा धागा पकडून जॉन हिक या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९६६ मध्ये मांडले की अपूर्ण जगातच माणसाचा आत्मा घडतो. दुःख ही त्याची शाळा आहे. १५६३ ची हायडेलबर्ग प्रश्नोत्तरी आरोग्य आणि आजार दोन्ही योगायोगाने नव्हे तर पित्याच्या हातून येतात असे शिकवते. सुधारित मंडळ्यांतल्या कित्येक पिढ्यांनी या वाक्यावर डोके टेकून प्राण सोडला. कॅथलिक शिकवणीत आजाऱ्याचे दुःख ख्रिस्ताच्या दुःखाशी जोडले जाते. जॉन पॉल दुसरे यांनी १९८४ मध्ये त्यावर स्वतंत्र पत्रच लिहिले. या सर्वांत काही ना काही खरे आहे. पण ही उत्तरे खोलीच्या बाहेर, निरोगी माणसांच्या चर्चेत जितकी भक्कम वाटतात तितकी खाटेजवळ वाटत नाहीत. सहा वर्षांच्या मुलाला रक्ताचा कर्करोग झाला तर कोणाचा आत्मा घडतो आहे? त्याचाच असेल, तर शाळा फार क्रूर आहे; आईबापांचा असेल, तर ते मूल खडू-फळ्यासारखे वापरले गेले.

हे मोठमोठ्या धर्मशास्त्र्यांनाही जाणवले होते, आणि या संग्रहात त्यांची तीच पाने घेतली आहेत. १५२७ मध्ये विटेनबर्गला प्लेग आला तेव्हा मार्टिन लूथर तिथेच राहिला. साथीतून पळावे का या प्रश्नावरच्या पत्रात तो सांगतो की औषध घ्या, गरज नसेल तिथे जाऊ नका, पण शेजाऱ्याला तुमची गरज असेल तर हलू नका. १५४२ मध्ये त्याची तेरा वर्षांची मुलगी माग्दालेना वारली. तेव्हा मित्राला त्याने कळवले की आम्ही आनंदाने देवाचे आभार मानायला हवेत, पण आम्हाला ते रडल्याशिवाय जमत नाही. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलचा डीन, कवी जॉन डन, १६२३ च्या अखेरीस तापाने मरणाच्या दारात गेला. पुढच्याच वर्षी त्याने आजाराच्या पायऱ्यांवर तेवीस भक्तिचिंतने छापली. प्रत्येकाचे तीन भाग आहेत : आधी चिंतन, मग देवाशी वाद, मग प्रार्थना. या क्रमाकडे लक्ष वेधावेसे वाटते. डन चिंतनावरून थेट प्रार्थनेवर उडी मारत नाही. मधली पायरी चुकवली तर वरची लागत नाही, हे त्याने रचनेतूनच सांगितले आहे. लिस्यूची तेरेसा हिचे उदाहरण वेगळ्या कारणाने महत्त्वाचे आहे. ती १८९७ मध्ये क्षयाने चोविसाव्या वर्षी वारली, आणि अखेरचे दीड वर्ष तिचा स्वर्गावरचा विश्वास दाट धुक्यात सापडला होता. तिचे लेखन छापताना तिच्या भगिनींनी त्यावर बराच हात फिरवला. मूळ हस्तलिखिते जशीच्या तशी वाचकांपुढे यायला १९५६ उजाडले. आजाऱ्याचा आवाज त्याच्या भोवतालची प्रेमळ माणसेच कशी गुळगुळीत करतात याचा हा नमुना आहे. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, पण आजाऱ्याचे बोलणे आपण असेच ऐकतो आणि पुढे सांगताना असेच दुरुस्त करतो.

विसाव्या शतकात दोन प्रवाह एकमेकांपासून दूर वाहत गेले. महायुद्धानंतर जपानमध्ये काझो कितामोरी याने १९४६ मध्ये देवाच्या वेदनेचे धर्मशास्त्र मांडले, आणि जर्मनीत युर्गन मोल्टमान याने १९७२ मध्ये वधस्तंभावरच्या देवाचे. देव दुःखाच्या पलीकडे, अचल आहे ही जुनी ग्रीक वळणाची कल्पना त्यांनी नाकारली. दुःखी देव मदत काय करणार, हा आक्षेप त्यावर घेतला जातो आणि तो सोपा नाही. दुसरा प्रवाह आरोग्यदानाच्या चळवळींचा. त्यांच्या इतिहासात महाराष्ट्राचेही पान आहे : १९०५ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये झालेले संजीवन पेंटेकॉस्टल चळवळीच्या आरंभाशी जोडले जाते. त्याच मुक्तीच्या संस्थापिका पंडिता रमाबाई यांची एकुलती मुलगी मनोरमा १९२१ मध्ये वारली. रमाबाई त्यानंतर जेमतेम नऊ महिने जगल्या आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून करीत असलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांनी हातावेगळे केले. ते १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. संजीवन आणि अकाली मृत्यू या दोन्ही गोष्टी एकाच अंगणातल्या आहेत. त्यांपैकी पहिलीच आठवणे हा इतिहास नव्हे.

आरोग्यदानाच्या बाजूने एक रास्त आक्षेप येतो. शुभवर्तमाने आजाऱ्यांना बरे केल्याच्या हकिकतींनी भरलेली आहेत. मग बरे होण्याची अपेक्षा ठेवू नये असे कोण म्हणणार? मीही म्हणत नाही. आजाऱ्याला तेल लावून त्याच्यासाठी प्रार्थना करा, हे याकोबाचे पत्रच सांगते. मध्ययुगात हा संस्कार मरणाऱ्यापुरता आक्रसला आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९७२ च्या नव्या विधीने, तो पुन्हा सर्व गंभीर आजाऱ्यांचा झाला. (अजूनही कित्येक घरांत फादरांना बोलावणे म्हणजे ‘आता संपले’ असेच समजतात.) हरकत बरे होण्याच्या प्रार्थनेला नाही, बरे न होण्याचा दोष आजाऱ्याच्या विश्वासावर टाकण्याला आहे. शुभवर्तमानांत येशू बरे झालेल्यांच्या विश्वासाची वाखाणणी करतो, पण एखाद्या आजाऱ्याला ‘तुझा विश्वास कमी पडला’ असे सांगून त्याने रिकामे परत पाठवल्याची गोष्ट तिथे नाही. शिवाय तो ज्याला उठवतो तो लाजरही पुढे कधीतरी मेलाच असणार.

अधिक खोल आक्षेप तत्त्वज्ञानातून येतो. अँटनी फ्ल्यू याने १९५० मध्ये विचारले : घशाच्या कर्करोगाने मूल मरते आहे, जन्मदाता बाप वेडापिसा झाला आहे, आणि स्वर्गीय पिता काहीच हालचाल करताना दिसत नाही. विश्वासणारे म्हणतात, त्याचे प्रेम आपल्या प्रेमासारखे नसते. अशी एकेक पुरवणी जोडत गेलात तर ‘देव चांगला आहे’ या विधानात उरते काय? मूल जगले तरी देव चांगला, मेले तरी चांगला, तर मग चांगला या शब्दाला अर्थ कोणता? या आक्षेपाला मला आदर वाटतो, कारण पुष्कळ सांत्वनपर बोलण्याला तो अगदी नेमका लागू पडतो. त्याच चर्चेत बेसिल मिचेल याने दिलेले उत्तर मात्र ध्यानात ठेवण्याजोगे आहे. युद्धकाळात भूमिगत चळवळीतल्या एकाला एक अनोळखी माणूस भेटतो, रात्रभर बोलतो आणि मी तुमच्या बाजूचा आहे, विश्वास ठेव, असे सांगतो. पुढे तो कधी मदत करताना दिसतो, कधी शत्रूच्या गणवेशात दिसतो. विश्वास ठेवणारा हे नाकारत नाही की पुरावा विरुद्ध जातो आहे. पण त्या रात्रीच्या भेटीखातर तो टिकून राहतो. मिचेलच्या या उत्तराला मी एवढीच जोड देईन की पुरावा विरुद्ध जातो आहे हे देवालाच मोठ्याने सांगणे म्हणजे विलाप. गाऱ्हाणे घालणारा फ्ल्यूच्या सापळ्यात सापडत नाही, कारण चांगुलपणा या शब्दाचा अर्थ त्याने पातळ केलेला नसतो. चांगुलपणा म्हणजे मुलाने जगणे, वेदना थांबणे, हाच साधा अर्थ धरून तो बसलेला असतो, म्हणून तर तो ओरडतो. शब्दाचा अर्थ मित्रांनी बदलला होता, ईयोबाने नव्हे. याने फ्ल्यूचा प्रश्न सुटला असा माझा दावा नाही. तो प्रश्न विश्वासाच्या बाहेरून जितका विचारला गेला तितकाच आतूनही विचारला गेला आहे, एवढेच यातून दिसते.

मराठी वाचकासाठी या विषयाला आणखी एक कड आहे. ‘मागच्या जन्मीचे भोग’ हे वाक्य आजाऱ्याला आपल्याकडे कोणीही, कधीही ऐकवू शकते, आणि ख्रिस्ती घरांतही ते ‘कुठले तरी पाप आड येत असेल’ असे कपडे बदलून येते. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचे, याचे की आईबापांचे? जन्माआधी त्याने कोणते पाप केले असेल, हा प्रश्न पॅलेस्टाइनपेक्षा आपल्याकडे जास्त ओळखीचा वाटतो. येशू दोन्ही पर्याय नाकारतो. (तो पुढे आणखी काही म्हणतो, आणि त्याचेही कारणात रूपांतर करणारे भेटतात, पण पुढच्या क्षणी तो चिखल कालवून कामाला लागतो.) उलट, देवाशी भांडण्याची भाषा आपल्याला बाहेरून आणावी लागत नाही. नामदेव, जनाबाई, तुकाराम विठ्ठलावर रुसतात, त्याला बोल लावतात, आणि त्यांना कोणी नास्तिक म्हटले नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे नारायण वामन टिळक सांगत. त्या पुलावरून स्तुतीच तेवढी इकडे आली आणि भांडण पलीकडेच राहिले, असे आजच्या मराठी ख्रिस्ती उपासनेकडे पाहून कधी कधी वाटते.

हे आज बोलण्याचे निमित्तही आहे. पूर्वी गंभीर आजार पुष्कळदा आठवड्यांत निकालात निघे. आता तो वर्षानुवर्षे घरात राहायला येतो. केमोथेरपीची सत्रे, इन्सुलिन, स्कॅनच्या तारखा यांत माणूस ‘बरा’ही नसतो आणि ‘मरणासन्न’ही नसतो, आणि या मधल्या प्रदेशासाठी चमत्काराची साक्ष आणि अंत्यविधीची प्रार्थना दोन्ही अपुऱ्या पडतात. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडनमध्ये सेंट क्रिस्टोफर हॉस्पिस उघडले ते याच प्रदेशासाठी. शरीर, मन, नाती आणि आत्मा यांची वेदना एकच असते, हे त्यांचे सूत्र होते, आणि त्यामागे उघडपणे ख्रिस्ती श्रद्धा होती. मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये शांती अवेदना सदन सुरू झाले. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यामुळे मॉर्फिन मिळवणे दुरापास्त झाले होते. ती अडचण कमी करणारी दुरुस्ती २०१४ मध्ये झाली. दुःख सोसण्यातच पुण्य आहे म्हणून वेदनाशामक नको म्हणणारे आजही आहेत, आणि दुःखाचे गोडवे गाणाऱ्या धर्मशास्त्रावर स्त्रीवादी अभ्यासकांनी घेतलेला आक्षेप इथे मला पूर्ण मान्य आहे. सोसणे ही दुसऱ्याला द्यायची शिकवण नव्हे. वधस्तंभाच्या नावाने दुसऱ्याच्या वेदनेला पवित्र म्हणणारा स्वतः त्या वेळी बहुधा खुर्चीवर बसलेला असतो.

संग्रहाची मांडणी कालक्रमाने केलेली नाही. तापाचा चढ, निदान, वाट पाहणे, रात्र, शुश्रूषा आणि अखेर, अशा आजाराच्या अवस्थांभोवती उतारे लावले आहेत. त्यामुळे सिप्रियनशेजारी विसाव्या शतकातला लेखक येतो आणि प्रॉटेस्टंटांशेजारी कॅथलिक. त्यांच्यातले आपसांतले मतभेद मिटवलेले नाहीत. सगळ्या उताऱ्यांशी मी सहमत नाही, आणि एक-दोन तर मला चीड आणतात. भाषांतर करताना एका शब्दावर बराच काळ अडायला झाले. डनच्या चिंतनांतल्या त्या मधल्या भागाला काय म्हणावे? ‘तक्रार’ म्हटले की पोलीस ठाणे किंवा ग्राहक मंच आठवतो. ‘विलाप’मध्ये अश्रू आहेत, पण हुज्जत नाही. ‘वाद’ फार कोरडा पडतो. शेवटी कोकणातल्या देवळांत पुजारी गावकऱ्यांच्या वतीने देवाला उभ्याने ऐकवतो तो शब्द घेतला : गाऱ्हाणे. ते घालताना देवाला त्याच्या जबाबदारीची आठवण करून दिली जाते, मागणे रोखठोक असते, आणि सोबतचे गावकरी प्रत्येक वाक्याला ‘होय महाराजा’ म्हणून साथ देतात.